न विचारलेल्या मुलांची नावं

गुरुजी,

शिक्षकांच्या मासिकाकडून परवा पत्र आलं. तुमच्याविषयी दोन पानांचा मजकूर हवा, त्यात जन्मगाव, शिक्षण, सेवेचा काळ, ‘शैक्षणिक कार्य’ असं सगळं यावं, अशी सूचना आहे. मी कागद पुढे ओढला आणि ‘जन्मगाव निघोजे’ एवढं लिहून थांबलो. बाकीचं सगळं स्कूल बोर्डाच्या कचेरीत तुमच्या सेवापुस्तकात आहे. ज्याला हवं त्यानं तिथं जाऊन पाहावं. मला लोकांना तुमच्याविषयी काही सांगण्याआधी तुमच्याशीच बोलायचं आहे. तुम्ही असताना ते राहून गेलं, आणि त्यात दोष माझाच होता.

तुमच्या कुरुळीच्या शाळेत मी पहिल्यांदा आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मला तर तो विसरता येत नाही, कारण इतका शिष्टपणा मी आयुष्यात पुन्हा कधी केला नाही. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पदवीधरांसाठी असलेला बेसिक ट्रेनिंगचा वर्षाचा कोर्स करत होतो. पदवी घेतल्यावर पुन्हा शिकायचं, आणि मग शिकवायचं कुणाला, तर पहिली-दुसरीच्या पोरांना! आमच्या चिंचवडच्या घरात हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं. वडील म्हणाले, “पंतोजीच व्हायचं होतं तर कॉलेजात चार वर्षं कशाला घातलीस?” मी त्यांची समजूत घातली, की हा कोर्स केलेला माणूस वर्गात फार दिवस राहत नाही. तो दिपोटी होतो. म्हणजे वीस-पंचवीस गावांच्या शाळा तपासणारा साहेब. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचा हाच बेत होता आणि माझाही.

कोर्समध्ये सरावाचे पाठ खेड्यातल्या खऱ्या शाळेत घ्यावे लागत. चिंचवडहून सायकलनं जाता येईल म्हणून मला कुरुळी मिळालं. मी मोशीवरून घामाघूम होऊन आलो. हँडलला तक्त्यांची गुंडाळी, पिशवीत सूत काढायची टकळी, कापसाचे पेळू, पाठाच्या टाचणांची वही. तुम्ही मारुतीच्या देवळाशेजारच्या त्या लांबट खोलीत चारही वर्ग एकट्यानं सांभाळत होता. मी विचारलं, “आपलं ट्रेनिंग?” तुम्ही म्हणालात, “व्हर्नाक्युलर फायनल. पुढं ज्युनियर झालो, सीनियर राहिलं.” म्हणजे सातवी आणि वर शिक्षकांची एक परीक्षा. मी ‘अस्सं’ म्हणालो. तो ‘अस्सं’ माझ्या कानात अजून आहे गुरुजी. तुम्ही मात्र पोरांना सांगितलंत, “हे बीए मास्तर. ह्यांना तरास देऊ नका, लांबून आल्यात.” तेव्हापासून अख्ख्या कुरुळीत माझं नाव बीए मास्तर पडलं ते पडलंच.

आमच्या कोर्सची सगळी मदार हातकामावर होती. मुलांनी सूत कातावं आणि त्या सुतातूनच गणित, भूगोल, भाषा सगळं शिकवावं, असं आम्हाला शिकवत. मी मोठ्या तोऱ्यात टकळी फिरवायला घेतली आणि धागा तटकन तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. दुसरीची पोरं आधी दबून हसली, मग मोकळी हसली. मी बोंडासकट कापूस आणला होता, तो वर्गात फिरवला. तुमच्याकडे कांदा, बटाटा, भुईमूग. बोंडातला कापूस कुणी पाहिलेला नव्हता. एका पोरानं बोंड हुंगून विचारलं, “मास्तर, हे खात्यात का?” माझ्या टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती.

पाठ संपल्यावर मी तुमच्याकडे वही पुढे केली. वर्गाच्या शिक्षकानं शेरा द्यायचा असा नियम होता. मला वाटलं, तुम्ही प्रस्तावना बरी होती म्हणाल, फळ्यावरचं अक्षर छान म्हणाल. तुम्ही पाठभर मागे पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला होता. उठलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, “कोंडिबा, यमुना, बाळू भिकाजीचा, आन् सगुणा.”

“म्हणजे?”

“ह्यांना कायबी इचारलं न्हाई तुमी.”

एवढंच. वहीत सही केलीत आणि चौथीला गणित घालायला निघून गेलात. मला भयंकर राग आला. आमच्या प्राध्यापकांनी शिकवलेल्या पाठाच्या पायऱ्या मी एकही न चुकता चढलो होतो, आणि हा ज्युनियर पास माणूस मला पोरांची नावं सांगतो! सायकलवर मोशीपर्यंत मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत गेलो. तुम्हाला ते कळलं नसेल, पण त्या भांडणात तुम्ही एकदाही जिंकला नाहीत.

दुसऱ्या पाठाला पुन्हा तेच. तिसऱ्याला तेच. टाचण कसं, तक्ते कसे, आवाज कसा, यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. फक्त नावं. कधी चार, कधी सहा. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, यांना एकदा नाव काढायला जागाच ठेवत नाही. मग मी पुढच्या रांगेतल्या हुशार पोरांवरून नजर काढून मागे बघायला लागलो, आणि मागे बघितल्यावर मला कळलं की यमुनेला फळा दिसतच नाही. ती शेजारणीच्या पाटीवरून उतरवून घेत होती. तिला पुढे बसवलं. त्या दिवशी तुम्ही तीन नावं घेतलीत, त्यात यमुना नव्हती. मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

सगुणाचं नाव मात्र सुटता सुटेना. तिला विचारलं की ती जमिनीकडे बघायची आणि गप्प. मी तुम्हाला म्हटलं, “अहो, विचारतो की मी तिला! बोलत नाही त्याला मी काय करू?” तुम्ही म्हणालात, “इचारता व्हय. पन थांबत न्हाई. लगेच फुडच्याकडं जाता.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते खरं होतं. माझ्या टाचणात प्रत्येक पायरीला मिनिटं नेमून दिलेली होती.

आपला दुसरा वाद सुताचा. तो अजून मिटलेला नाही. मी तुम्हाला सांगायचो की हातानं काम केल्याशिवाय शिक्षण पोकळ आहे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग शांतपणे म्हणायचात, “मास्तर, तुमच्या शेरातल्या पोरांना हातकाम शिकवा, त्यास्नी गरज हाय. आमची पोरं पहाटंपास्नं कामच करत्यात. शाळेत येत्यात ती जरा बसाया.” मी म्हणायचो, “मग ही पोरं शिकून कामाला कमी लेखतील.” तुम्ही म्हणायचात, “तुमी बीए झाला, तुमी कमी लेखता का?” यावर मला काहीतरी उत्तर सुचायचं, पण ते रात्री जेवताना. आता पिंपरीला कारखाना उभा राहतोय, तुमचा थोरला तिथं लागला आहे, कुरुळीतली आणखी चार पोरं रांगेत आहेत. मला अजूनही वाटतं की मी थोडा बरोबर होतो. तुम्हीही थोडे होता. हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

मग आला परीक्षेचा पाठ. यावर सगळ्या वर्षाचं पास-नापास ठरायचं, आणि पास झालो तरच दिपोटीच्या जागेसाठी नाव जायचं. पुण्यात बसून तारीख ठरवणाऱ्यांनी नेमका चाकणच्या बाजाराचा दिवस धरला. कांदे निघालेले. त्या दिवशी कुरुळीत म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोण सापडणार? मी सकाळी येऊन बघतो तर दुसरीच्या एकवीस पोरांपैकी नऊ हजर. माझी पाचावर धारण बसली. परीक्षकसाहेब तासाभरात येणार होते.

चौथीची पोरं मात्र बोर्डाच्या परीक्षेसाठी तुम्ही आवर्जून बोलावली होतीत, ती सगळी होती. मग मी ते बोललो. प्रत्येक खेड्यात साहेब येताना हे चालतं, सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. म्हटलं, “गुरुजी, चौथीची पोरं दुसरीच्या जागी बसवू. वर्ग भरल्यासारखा दिसेल आणि उत्तरंही येतील.”

तुम्ही डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातलीत. “बसवू की. मला काय. पन ह्या नऊ जनांना कुठं धाडू?”

“देवळात बसवा तासभर. यांच्यात मिसळली तर घोटाळा होईल.”

“बरं. तुमीच सांगा त्यास्नी.”

मी सांगायला गेलो. नऊ पोरं आपल्या जागेवर बसली होती. सगळ्यांची डोकी तेलानं चपचपलेली, तोंडं घासून पुसलेली. बाळूनं अंगात थोरल्या भावाचा सदरा घातला होता, बाह्या दुमडून. मी म्हटलं, “तुम्ही बाजाराला नाही गेलात?” तर कोंडिबा म्हणाला, “गुरुजी म्हनले, आज बीए मास्तरांची परीक्षा हाय, त्यास्नी पोरं लागत्याल.” सगुणाही होती. तिची आई तिला बांगड्या भरायला बाजारात नेणार होती आणि ती गेली नव्हती, हे यमुनेनं सांगितलं. सगुणा जमिनीकडेच बघत होती.

गुरुजी, मी त्यांना देवळात जा म्हणू शकलो नाही. तसाच परत फिरलो. तुम्ही दारात उभे होता. मी फळा पुसायला घेतला.

परीक्षकसाहेबांनी हजेरी पाहिली. “पटावर एकवीस, हजर नऊ?” मी म्हटलं, “बाकीची चाकणच्या बाजारात आहेत.” त्यांनी भुवया चढवून काहीतरी लिहिलं. पाठ कसा झाला हे मला अजून नीट सांगता येत नाही. तक्ते लावायचे राहिले. सूत दोनदा तुटलं, मग मी टकळी बाजूला ठेवली आणि पोरांच्या घरच्या कांद्याचंच गणित घातलं, किती गोणी निघाल्या, किती राहिल्या. नऊच जण होते, त्यामुळे थांबायला वेळ होता. सगुणापाशी आलो आणि थांबलो. साहेबांनी घड्याळ काढलं. मी थांबलोच. तिनं बोटं मोजली, चुकीची मोजली आणि उत्तर दिलं. चुकीचंच, पण मोठ्यानं. मी म्हटलं, “परत मोज.” ती परत मोजायला लागली.

साहेब गेल्यावर मी तुमच्यापुढे वही धरली. तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, “आज कुनी न्हाई.”

मी दुसऱ्या वर्गात पास झालो. पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता, पण तो आनंद कसला होता हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, आता आपण दिपोटी होणार त्याचा आहे. निकाल सांगायला आलो तेव्हा तुमच्या घरी काकूंनी शेंगदाण्याचे लाडू केले होते. मी मनातून वाट पाहत होतो की तुम्ही म्हणाल, ‘मास्तर, कशाला दिपोटी होताय, वर्गातच राहा.’ तुम्ही ते म्हणाला असता तर मी वाद घातला असता, आणि कदाचित हरलो असतो. तुम्ही म्हणालात, “चांगलं झालं. सांभाळून ऱ्हावा.” आणि आणखी एक लाडू ताटात टाकलात. मी बराच काळ तुमच्यावर रुसून होतो, हे तुम्हाला माहीत तरी होतं का?

मग मी खरोखरच दिपोटी झालो आणि दुसऱ्याच वर्षी कुरुळी माझ्या हद्दीत आलं. मी तपासणीला आलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि तुम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलात. पोरांच्या आधी तुम्ही. “या साहेब,” म्हणालात. मी म्हटलं, “अहो गुरुजी, बसा ना,” तर म्हणालात, “साहेब हुबे असताना कसं बसू?” चेष्टेत नाही हो, अगदी सरळ. माझ्यामागे बोर्डाचा पट्टेवाला दप्तर घेऊन उभा होता. मी खुर्चीवर बसलो आणि तुम्ही उभे.

मी पोरांना प्रश्न विचारले. ऐटीत विचारले, खोटं कशाला बोलू. पुढच्यांना विचारले, कारण अजून चार गावं करायची होती. उठताना मी सवयीनं तुमच्याकडे पाहिलं. नावांची वाट पाहत थांबलो. पट्टेवाला दारात खोळंबला. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, “काय चुकलंमाकलं असंल तर सांगा साहेब.”

त्या दिवशी मी किती जणांना वगळलं होतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण साहेबाला नावं कोण सांगणार? वाटेवर सायकल थांबवून मी एका बांधावर बसलो. पट्टेवाल्याला वाटलं पंक्चर झालं. मग ठरवलं, एखाद्या रविवारी दप्तर न घेता एकटा येईन, ओसरीवर बसेन, आणि विचारेन की त्या दिवशी कोणकोण राहिलं होतं. असे रविवार मी बरेच घालवले. कधी पाहुणे, कधी सर्दी, कधी नुसती लाज.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवसांच्या तापानं तुम्ही गेलात. मला कळलं ते चाकणच्या स्टँडवर, तेही अंत्यविधी उरकल्यावर. दहाव्याला मात्र मी वेळेवर पोचलो.

इंद्रायणीच्या काठावर पिंड ठेवला होता. बाभळीवर पाच-सहा कावळे, पण एकही खाली येईना. ऊन चढत चाललं. तुमचा थोरला म्हणाला, “आबा, धाकटीचं लगीन मी थाटात करून देईन.” कावळे जागचे हलले नाहीत. काकू रडत म्हणाल्या, “मी नीट ऱ्हाईन, माझी काळजी करू नगा.” तरीही नाही. भावकीनं बांधाचा तंटा मिटवायचं कबूल केलं. तेही तुम्हाला पुरलं नसावं. मग एक म्हातारे पाटील पुढे झाले. “शाळेचं काय तरी बोला रं कुनी. गुरुजींचा जीव शाळंत. साहेब, तुमीच बोला.”

सगळे माझ्याकडे वळले. मी पुढे झालो. पायातल्या वहाणा काढल्या. खरं सांगतो, मी अशा वेळीसुद्धा वाक्याची जुळवाजुळव करायला लागलो. बोर्डातर्फे म्हणावं, की माझ्यातर्फे? चांगला शिक्षक पाठवीन म्हणावं, की मीच येतो म्हणावं? ‘मीच येतो’ हे जिभेच्या टोकाशी आलं, मी घसा खाकरला, आणि तेवढ्यात एक कावळा सरळ खाली आला, पिंडाला चोच मारली आणि घास घेऊन उडाला.

“झालं, मोकळं झालं!” पाटील म्हणाले. थोरला हसत-रडत नदीत उतरला. मी तिथं तोंड उघडं ठेवून उभा. माझं एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. गुरुजी, तुम्ही माझ्यासाठी पळभर थांबला नाहीत! सगुणासाठी मला थांबायला लावलंत आणि स्वतः? मला खरंच राग आला, अगदी मोशीच्या रस्त्यावर यायचा तसा. आणि मग त्या गर्दीत मला हसू फुटलं, ते आवरेना. बाजूच्या माणसाला वाटलं मी रडतोय, त्यानं पाठीवर हात ठेवला. तेही खोटं नव्हतं.

तुम्ही लाडू देतानाही काही मागितलं नव्हतंत. नदीवरही माझ्याकडून वचन घेतलं नाहीत. घेतलं असतंत तर मी आयुष्यभर म्हणत राहिलो असतो, की गुरुजींनी मला अडकवलं.

काल मी कचेरीत गेलो. दिपोटीच्या जागेवरून कुरुळीच्या शाळेवर शिक्षक म्हणून बदली मिळावी, असा अर्ज दिला. घरी आधी सांगितलं होतं. पत्नी म्हणाली, “रोज मोशीवरून सायकल? मग तिकडेच राहायला जाऊ.” हेडक्लार्क मात्र हवालदिल झाला. त्यानं अर्ज दोनदा वाचला, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “काय झालं साहेब? वरून कुणाचा त्रास आहे का?”

“नाही.”

“चौकशीबिवकशी लागली आहे?”

“नाही हो.”

“मग हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणीच नाही सांगितलं,” मी म्हटलं.

त्यानं अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग टाक दौतीत बुडवला आणि अर्जाच्या समासात शेरा लिहिला, ‘स्वखुशीने.’